प्रवाळांना उसंत हवी

२०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या समुद्रात उतरलेल्या संशोधकांना तळाशी ठिकठिकाणी पांढरेफटक पडलेले प्रवाळ दिसले. एरवी याच जागी तपकिरी, हिरवट, जांभळट छटांची दाटी असते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं मे महिन्यात जाहीर केलं, की २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीपासून या पाण्यात सागरी उष्णतेची लाट मुक्काम ठोकून आहे आणि तिच्यामुळे टणक प्रवाळांचं मोठ्या प्रमाणावर विरंजन झालं आहे. हे विरंजन म्हणजेच ‘ब्लीचिंग’.

हे फक्त लक्षद्वीपचं दुखणं नव्हतं. १५ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर व वातावरण संस्थेनं आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळ उपक्रमानं चौथं जागतिक ब्लीचिंग सुरू असल्याची घोषणा केली होती. ऑस्ट्रेलिया, फ्लोरिडा, कॅरिबियन बेटं, तांबडा समुद्र, मालदीव, सगळीकडून सारख्याच बातम्या येत होत्या. २०२५ च्या वसंतापर्यंतच्या हिशेबात जगातल्या प्रवाळक्षेत्रापैकी सुमारे ८४ टक्के भागाला ब्लीचिंग घडवण्याइतकी झळ लागल्याचं दिसून आलं.

२०२३ च्या जूनमध्ये प्रशांत महासागरात एल निनो सुरू झाला होता. त्यामुळे ‘एल निनोचं वर्ष होतं, म्हणून प्रवाळ पांढरे पडले’ असं उत्तर लगेच हाताशी येतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. एल निनो हजारो वर्षं येतो-जातो आहे आणि प्रवाळही त्याच हजारो वर्षांत वाढत आले आहेत. मग गेल्या चाळीस वर्षांतच असं काय घडलं, की जुनंच चक्र प्रवाळांच्या जिवावर उठावं? उरलेलं अर्धं उत्तर या प्रश्नात आहे.

दगडात राहणारा प्राणी

प्रवाळ दगड वाटतो, पण तो प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफुलाच्या कुळातला. त्याचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरचाच. एक तोंड, त्याभोवती इवल्या शुंडकांचं कडं आणि खाली त्यानं स्वतः बांधलेली चुनखडीची वाटी, एवढाच त्याचा संसार. रात्री शुंडकं बाहेर काढून तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. पण त्याचं पोट खऱ्या अर्थानं भरतं ते त्याच्याच शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर. नखाएवढ्या जागेत या शैवालाच्या लाखो पेशी असतात. सूर्यप्रकाशात त्या अन्न तयार करतात आणि पॉलिपला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवतात. पॉलिप त्यांना निवारा आणि वाढीला लागणारी द्रव्यं देतो. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या शैवालाचाच.

अशा कोट्यवधी पॉलिपांनी पिढ्यानपिढ्या रचलेली चुनखडी म्हणजे प्रवाळखडक. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग या खडकांनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातल्या सुमारे पाव प्रजातींचा या ना त्या टप्प्यावर त्यांच्याशी संबंध येतो. (सराफाकडचं लाल पोवळं वेगळं. ते बहुधा भूमध्य समुद्रातल्या, खडक न रचणाऱ्या प्रवाळाचं असतं.)

पाणी प्रमाणाबाहेर तापलं, की प्रखर उन्हात शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. अन्नाऐवजी पेशींना घातक असे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होऊ लागतात. मग पॉलिप ते शैवाल बाहेर टाकतो. उरते त्याची पारदर्शक त्वचा आणि तिच्यातून दिसणारा चुन्याचा पांढरा सांगाडा.

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवलं, तर शैवाल परत येतं आणि प्रवाळ जगतो. पाणी तापलेलंच राहिलं, तर तो मरतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत सांगाड्यावर केसाळ शैवालाचा हिरवट-तपकिरी थर चढतो आणि वरवर पाहणाऱ्याला वाटतं, रंग परत आला!

किती तापलं म्हणजे फार तापलं, याचंही माप आहे. एखाद्या जागी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं जे सरासरी तापमान असतं, त्याच्या वर एक अंश सेल्सिअस ही धोक्याची रेषा. ही रेषा ओलांडली, की पाणी त्या सरासरीच्या वर किती अंश आणि किती आठवडे राहिलं, यांचा गुणाकार करून ‘डिग्री हीटिंग वीक’ काढतात. दोन अंशांची वाढ दोन आठवडे टिकली, तर हा आकडा चार होतो आणि ठळक ब्लीचिंगची अपेक्षा धरली जाते. आठवर गेला, की प्रवाळ मरू लागतात. ‘नोआ’ची इशाऱ्यांची जुनी पट्टी इथेच संपत होती. २०२३ चा उन्हाळा पाहिल्यावर ती वाढवावी लागली. आता वीसच्या वरचा आकडा हा सर्वोच्च इशारा आहे आणि त्याचा अर्थ, त्या जागचे जवळजवळ सगळे प्रवाळ मरण्याचा धोका.

सिमल्याहून सुरू झालेला शोध

एल निनो समजून घेण्याची एक वाट भारतातूनच जाते. १८९९ मध्ये पावसानं दगा दिला आणि देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. पुढच्या पावसाचा अंदाज आधी बांधता येईल का, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांची सूत्रं गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं, की प्रशांत महासागराच्या पूर्वेला दाब वाढतो तेव्हा हिंद महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि उलटही होतं. या हेलकाव्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. वॉकर निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, १९२८ मध्ये, वेधशाळेचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

हवेचा हा हेलकावा आणि पेरूच्या कोळ्यांना नाताळाच्या सुमाराला जाणवणारं कोमट पाणी, ही एकाच घडामोडीची दोन टोकं आहेत, हे १९६९ मध्ये जेकब ब्यर्कनेस यांनी दाखवलं. नेहमीच्या वर्षी व्यापारी वारे प्रशांत महासागराचं वरचं उबदार पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलत राहतात. त्यामुळे तिथली समुद्रपातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते, आणि पेरूच्या किनाऱ्याला खोलातलं गार पाणी वर येतं. दर दोन ते सात वर्षांनी हे वारे मंदावतात. पश्चिमेला साठलेलं उबदार पाणी पूर्वेकडे पसरतं, हा एल निनो. वारे नेहमीपेक्षा जोरात वाहू लागले, की ला निना.

१९८२-८३ च्या एल निनोत गालापागोस बेटांभोवतीचे ९५ टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले. पूर्व प्रशांत महासागरातल्या त्या पडझडीचा माग पीटर ग्लिन या अमेरिकी संशोधकानं काढला आणि समुद्राचं तापणं आणि प्रवाळांचं मरण यांची सांगड पहिल्यांदा इतक्या ठळकपणे घातली गेली.

पण प्रशांत महासागरातल्या घडामोडीनं अरबी समुद्र कसा तापतो? एल निनो बहुधा डिसेंबरच्या सुमाराला शिगेला पोहोचतो. त्यामुळे हवेचं विषुववृत्तावरचं अभिसरण बदलतं आणि हिंद महासागरावर हवा खाली बसू लागते. आकाश निरभ्र राहतं, ऊन जास्त पडतं. वारा पडल्यामुळे पाण्याची वाफही कमी होते आणि वाफेबरोबर जाणारी उष्णता समुद्रातच राहते. असे तीन-चार महिने गेले, की पुढच्या मार्च ते मे या काळात जवळजवळ सगळा हिंद महासागर तापलेला असतो. लक्षद्वीपमधलं मोठं ब्लीचिंग १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत झालं. चारही वर्षं एल निनोच्या हिवाळ्यानंतरची आहेत.

यात मोसमी पावसाचा वाटा फार महत्त्वाचा. अरबी समुद्राचं पाणी सर्वांत जास्त तापतं ते एप्रिल-मेमध्ये, वैशाखवणव्याच्या दिवसांत. जूनमध्ये नैर्ऋत्य वारे सुटतात, ढग दाटतात, समुद्र घुसळला जातो आणि खालचं गार पाणी वर येतं. कोकणातला कोळी ज्या खवळलेल्या दर्यामुळे होडी किनाऱ्याला ओढून ठेवतो, तोच दर्या लक्षद्वीपच्या प्रवाळांची सुटका करतो. पाऊस आठ-दहा दिवस लांबला, तर किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याइतकीच पाण्याखालच्या पॉलिपचीही घालमेल होते.

हिंद महासागराचं स्वतःचंही एक चक्र आहे. १९९९ मध्ये एन. एच. साजी, पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे म्हणजे आयआयटीएमचे संचालक झालेले बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि जपानचे तोशिओ यामागाता यांनी त्याची मांडणी केली. ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात ते हेच. त्याच्या धन अवस्थेत आफ्रिकेकडचं पाणी तापतं आणि सुमात्राकडचं गार होतं. गार पाण्यानं प्रवाळांना दिलासा मिळेल असं वाटतं. १९९७ मध्ये सुमात्राच्या मेंतावाई बेटांपाशी उलटच घडलं. खोलातून वर आलेल्या गार पाण्याबरोबर भरपूर पोषकद्रव्यं आली. डायपोल आणि एल निनो यांमुळे इंडोनेशियात अवर्षण पडलं होतं आणि जंगलं पेटली होती. त्या वणव्यांच्या धुरातून समुद्रावर लोह पडलं. दोन्ही मिळून शैवालाची लाल लाट उसळली, पाण्यातला प्राणवायू संपला आणि शेकडो किलोमीटर पट्ट्यातले प्रवाळ गुदमरून मेले. हवामानाचं चक्र प्रवाळांना किती वाटांनी गाठू शकतं, याचं हे उदाहरण.

सेशेल्सचे एकवीस खडक

१९९७-९८ चा एल निनो विसाव्या शतकातला सर्वांत बलवान एल निनो मानला जातो. जागतिक म्हणावं असं पहिलं ब्लीचिंग त्यानं घडवलं. जगातले सुमारे १६ टक्के प्रवाळ त्या एका तडाख्यात गेले. सेशेल्सच्या आतल्या बेटांभोवती तर ९० टक्क्यांहून अधिक प्रवाळांचा नाश झाला.

तिथल्या २१ खडकांवर निक ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षं नजर ठेवली. २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा: २१ पैकी १२ खडक पुन्हा प्रवाळांनी भरले, ९ खडक मात्र कायमचे शैवालाच्या ताब्यात गेले. सावरलेले खडक तुलनेनं खोल पाण्यात होते, त्यांची रचना उंचसखल आणि कपारींनी भरलेली होती, आणि शैवाल खाणारे मासे तिथे भरपूर होते.

हे मासे कशासाठी? प्रवाळांची प्रजा वाढते ती अळ्यांमधून. पुष्कळ जातींचे प्रवाळ वर्षातल्या ठरावीक रात्री, बहुधा पौर्णिमेनंतर, एकाच वेळी बीजांडं आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. त्यातून जन्मलेली अळी काही दिवस तरंगते आणि मग बसायला टणक, स्वच्छ जागा शोधते. मेलेल्या प्रवाळावर शैवालाची गादी चढली असेल, तर तिला पाय रोवता येत नाहीत. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी हे शैवाल खरवडून काढतो आणि नव्या अळीला जागा मोकळी करून देतो. त्या ओघात चुन्याचा जो चुरा त्याच्या पोटातून बाहेर पडतो, त्यातूनच प्रवाळबेटांच्या शुभ्र वाळूचा मोठा भाग तयार होतो.

फांद्याफांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतात, पण तापलेल्या पाण्यात पहिले बळीही तेच. गोल, दगडी गोळ्यांसारखे ‘पोरायटीस’ जातीचे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, पण चिवट असतात. उद्ध्वस्त खडक पुन्हा उभा राहायला आठ-दहा वर्षं लागतात. सावकाश वाढणाऱ्या जुन्या वसाहतींसह पूर्ववत व्हायला आणखी कितीतरी जास्त.

इथेच सगळ्या गोष्टीची मेख आहे. एका दुष्काळानं शेतकरी मोडत नाही. पुढची दोन-चार वर्षं बरी गेली, की तो बी-बियाणं जमवून पुन्हा उभा राहतो. लागोपाठच्या दुष्काळांनी तो मोडतो. प्रवाळांचं तेच झालं आहे. टेरी ह्यूज आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या शंभर ठिकाणांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये दाखवलं, की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच जागी दोन तीव्र ब्लीचिंगमध्ये २५ ते ३० वर्षांचं अंतर असे. २०१६ पर्यंत ते सुमारे सहा वर्षांवर आलं.

लक्षद्वीपची चोवीस वर्षं

केरळच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला दोनशे ते साडेचारशे किलोमीटरवर लक्षद्वीप पसरलेलं आहे. ३६ बेटं, त्यांतल्या १० बेटांवर वस्ती, सगळी मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. ही जमीन म्हणजे बुडालेल्या डोंगरमाथ्यांवर प्रवाळांनी रचलेली कंकणं आणि त्यांवर साचलेली वाळू.

म्हैसूरच्या ‘नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन’चे रोहन आर्थर १९९८ पासून इथल्या प्रवाळांचा अभ्यास करत आहेत. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांवरच्या १९९८ ते २०२२ या चोवीस वर्षांच्या नोंदींवर मयूख डे, आर्थर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवंत प्रवाळांचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं, म्हणजे जवळजवळ निम्मं झालं.

या अभ्यासातला तपशील आकड्याइतकाच बोलका आहे. १९९८, २०१० आणि २०१६ या तीन तडाख्यांमध्ये दर वेळी मरणाऱ्या प्रवाळांचं प्रमाण आधीपेक्षा कमी होत गेलं. नाजूक जाती आधीच गेल्या होत्या, चिवट उरल्या होत्या. पण सावरण्याचा वेगही दर वेळी मंदावत गेला. ब्लीचिंगनंतर सलग सहा वर्षं शांततेत मिळाली, तरच आच्छादन लक्षणीय वाढायला लागतं, असंही दिसलं. २०१६ नंतरची उसंत आठ वर्षांची होती. २०२४ मध्ये ती संपली.

तळच वर आला

एल निनो आणि ला निना समुद्राचं तापमान खाली-वर करतात. ज्या सरासरीभोवती हे खाली-वर होतं, ती सरासरी पूर्वी जवळपास स्थिर होती. आता तीच वर सरकली आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणसानं वातावरणात जी जादा उष्णता अडकवली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं शोषली.

या तापण्याचा भारतातला सर्वांत बारकाईचा हिशेब पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएममध्ये होतो. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार उष्णकटिबंधीय हिंद महासागर १९५० ते २०२० या काळात शतकाला १.२ अंश या वेगानं तापला. २०२० ते २१०० या काळात हा वेग शतकाला १.७ ते ३.८ अंश होईल, असं उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या शक्यता धरून काढलेलं अनुमान आहे. सागरी उष्णतेच्या लाटांचे दिवस १९७० ते २००० या काळात वर्षाला सुमारे २० असत. शतकाअखेरीस ते २२० ते २५० होऊ शकतात. प्रवाळांच्या धोक्याची रेषा नेहमीच्या उन्हाळ्याच्या वर फक्त एक अंशावर आहे, हे आठवलं म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

याचा ठसठशीत पुरावा ग्रेट बॅरियर रीफनं दिला. २,३०० किलोमीटर लांबीच्या या प्रवाळपट्ट्यावर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये व्यापक ब्लीचिंग झालं. यांतलं २०२२ हे ला निनाचं वर्ष होतं. ला निनात तिथे ढग आणि पाऊस वाढतो, प्रवाळांना आराम मिळतो, हा तोवरचा अनुभव. त्या वर्षी तो खोटा ठरला.

दुसरा पुरावा जगाच्या आकड्यांत आहे. १९९८ मध्ये जगातल्या २१ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंगची झळ लागली, २०१० मध्ये ३७ टक्के, २०१४ ते २०१७ या काळात ६८ टक्के आणि या वेळी ८४ टक्के. २०२३-२४ चा एल निनो १९९७-९८ पेक्षा आणि २०१५-१६ पेक्षाही कमकुवत होता. तडाखा हलका, घाव मात्र सर्वांत रुंद. कारण एल निनो आला तेव्हा समुद्र आधीच तापलेला होता.

‘समुद्र पूर्वीही असाच तापत असेल’ अशी शंका घेणाऱ्यांना प्रवाळच उत्तर देतात. पोरायटीसचा गोळा दर वर्षी चुन्याचा नवा थर चढवतो आणि त्या थरातल्या स्ट्रॉन्शियम व कॅल्शियमच्या प्रमाणात त्या वर्षीच्या पाण्याचं तापमान नोंदलं जातं. शास्त्रज्ञ पोकळ ड्रिलनं त्यातून दंडगोल नमुना काढतात, भोक बुजवतात आणि एकेक वर्ष वाचत मागे जातात. ऑस्ट्रेलियालगतच्या कोरल समुद्रातल्या अशा नमुन्यांवरून २०२४ मध्ये स्पष्ट झालं, की तिथले अलीकडचे उन्हाळे गेल्या चारशे वर्षांतले सर्वांत उष्ण आहेत.

सगळं चित्र एकाच रंगाचं नाही, हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर आणि मध्य भागांत प्रवाळांचं आच्छादन मोजणी सुरू झाल्यापासून सर्वाधिक भरलं होतं. पण ती वाढ झटपट वाढणाऱ्या आणि झटपट मरणाऱ्या जातींची होती. २०२४ च्या उष्णतेनंतर उत्तरेकडचं आच्छादन एका वर्षात सुमारे चतुर्थांशानं आणि दक्षिणेकडचं जवळजवळ एक तृतीयांशानं घटलं.

ट्यूना, वाळू आणि लाट

लक्षद्वीपच्या माणसाचं पोट ट्यूनावर चालतं आणि ट्यूना मिळते ती प्रवाळांच्या आधारानं. पहाटे नाव आधी लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या कंकणातल्या उथळ पाण्यात, जाते. प्रवाळांच्या आसपास वावरणारे बोटभर मासे जाळ्यात घेऊन ते नावेतल्या, वाहत्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवतात. मग नाव खोल समुद्रात निघते. ट्यूनाचा थवा दिसला, की हे जिवंत आमिष पाण्यात फेकतात, वरून पाण्याचे फवारे उडवतात आणि नावेच्या मागच्या कडेला ओळीनं उभे राहिलेले खलाशी गळाच्या काठ्यांनी एकेक ट्यूना उचलून मागे डेकवर टाकतात. समुद्राला कमीत कमी ओरबाडणारी ही मासेमारी आहे. मिनिकॉयची ‘मासमीन’ म्हणून प्रसिद्ध असलेली सुकवलेली ट्यूना याच कष्टातून येते. लगूनमधले प्रवाळ गेले, की आमिषाच्या माशांचा आसरा जातो.

शिवाय इथले लोक खोल समुद्रातली ट्यूना पकडत असल्यामुळे खडकांवरच्या माशांवर पिढ्यानपिढ्या फारसा ताण नव्हता. पोपटमाशांसारखे शैवालखाऊ मासे टिकून होते आणि १९९८ नंतर इथले प्रवाळ सावरले, त्यात त्यांचा वाटा होता. अलीकडे बाहेरच्या बाजारासाठी खडकावरचे मासे पकडण्याचं प्रमाण वाढलं आहे. समुद्र तापत असतानाच प्रवाळांचे मदतनीस कमी करणं, ही दुहेरी हानी आहे.

आणखी एक गोष्ट थेट जमिनीशी निगडित आहे. प्रवाळखडक लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषतात, असं जगभरच्या मोजमापांतून दिसलं आहे. लक्षद्वीपची बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. बंगारमजवळचं परळी-१ हे छोटं निर्जन बेट धूप होऊन पूर्ण नाहीसं झाल्याचं २०१७ मध्ये नोंदलं गेलं. सुमारे ६५ हजार लोकांचं घर टिकायचं असेल, तर भोवतीचा खडक वाढता राहायला हवा.

कोकणाच्या पाण्यातले प्रवाळ

महाराष्ट्राला प्रवाळ परके नाहीत. मालवणच्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. गढूळ पाण्याला सरावलेल्या या चिवट जातींनाही झळ लागली आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणला ब्लीचिंग आणि प्रवाळांचे रोग दोन्ही नोंदवले आहेत. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे. पाण्याखालच्या या पठाराचा माथा सुमारे वीस मीटर खोल आहे. तिथलं पाणी नितळ आणि किनाऱ्याच्या गाळापासून दूर. डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये तिथे संशोधकांची मोहीम गेली आणि प्रवाळांची समृद्ध वस्ती पाहून आली. ही जागा राज्याच्या सागरी हद्दीच्या बाहेर येते, म्हणून तिच्या संरक्षणाचा निर्णय केंद्राच्या हाती आहे.

करता येण्याजोगं काय आहे? हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांच्या आधारे ब्लीचिंगचे इशारे देते. असा इशारा आला, की त्या काळात मासेमारी, ड्रेजिंग आणि पर्यटन आवरतं घेता येतं. प्रवाळांची रोपं वाढवून लावण्याचे प्रयोग भारतासह अनेक देशांत चालू आहेत, पण त्यांची मर्यादा २०२३ मध्ये फ्लोरिडात दिसली. समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ वाचवण्यासाठी ते उपसून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवावे लागले. उष्णता सहन करणाऱ्या जाती शोधण्याचं कामही मोलाचं आहे. या सगळ्या उपायांनी वेळ मिळतो. पाणी मात्र थंड होत नाही.

पाण्याचा निर्णय उत्सर्जनावर होणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीनं, आयपीसीसीनं, २०१८ मध्येच सांगितलं होतं, की तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी उष्ण पाण्यातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि दोन अंशांवर गेली, तर ९९ टक्क्यांहून अधिक. २०२४ हे पूर्ण वर्ष औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलं. एका वर्षानं दीर्घकालीन सरासरी ठरत नाही, पण रेषा किती जवळ आली आहे ते दिसतं. दीड आणि दोन या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे दहातले एक ते तीन प्रवाळखडक उरणं आणि एकही न उरणं, यांतला फरक आहे. तो वाचवण्यासाठी झगडणं अजूनही व्यर्थ नाही.

२०२४ नंतरची सहा वर्षं २०३० मध्ये पूर्ण होतील. एल निनो दोन ते सात वर्षांनी येतोच, त्यामुळे ही उसंत पुरती मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. तोवर मालवणला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या प्रत्येकानं काही पथ्यं पाळावीत. पाण्यात प्रवाळावर पाय ठेवू नये आणि त्याला हात लावू नये. नांगर थेट खडकावर टाकणाऱ्या नावेत बसू नये. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा घरी आणू नये. टणक प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आणि आंग्रिया बँकेच्या संरक्षणाचं काय झालं, हा प्रश्न मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला जरूर विचारावा.